अंधार, उघडू नये

विज्ञानाच्या बाईंनी या खेपेला फसणंच शक्य नाही असा प्रयोग निवडला होता.

निवडणं भाग होतं. त्यांचे आधीचे प्रयोग सगळ्या शाळेला तोंडपाठ होते. सोललेलं उकडलेलं अंडं बाटलीत आपोआप कसं शिरतं हे दाखवायला गेल्या, तर ते अर्ध्यावर अडकलं, आणि बाटली फोडायची की अंडं कुस्करायचं यावर शिक्षकांत एकमत होईपर्यंत सगळ्या मजल्यावर वास सुटला. ज्वालामुखीचा प्रयोग मुख्याध्यापकांच्या नव्या पॅन्टवर संपला. हवेच्या दाबाने पत्र्याचा डबा चेपतो म्हणतात. तो चेपला नाही, शेगडी मात्र कायमची गेली. बाईंना विषय येत नव्हता असं कोणी म्हणणार नाही. शिकवायच्या झकास. फक्त निसर्गाचे नियम त्यांच्यासमोर आले की ऐनवेळी कच खायचे.

एरवी हसून सोडून द्यावी अशीच ही गोष्ट. पण बाईंची नोकरी अजून तात्पुरती होती. शिक्षण खात्याच्या तपासनीस मॅडम येणार, बाई त्यांच्यासमोर एक प्रयोग करून दाखवणार, तो जमला तर बाई कायम. नाही जमला तर पुढच्या वर्षी त्यांच्या जागी दुसऱ्या कोणीतरी बाई. मुख्याध्यापकांनी हे त्यांना अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं, त्यामुळे ते जास्तच लागलं.

आणि तपासनीस मॅडम म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. त्यांना सगळ्या शाळांत ‘कशावरून मॅडम’ म्हणत. वर्गात यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या, आणि कोणी काही बोललं की शांतपणे विचारायच्या, “कशावरून?” बस, एवढंच. एका शाळेत मुलगा म्हणाला, पृथ्वी गोल आहे. मॅडम म्हणाल्या, कशावरून? मुलाने बाईंकडे पाहिलं, बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, आणि मुख्याध्यापक पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ते तपासणी संपल्यावरच परत आले, असं सांगतात.

“बाई, या वेळी काही उडणार नाही ना?” आपल्या मुख्याध्यापकांनी विचारलं.

“सर, रोपं आहेत. रोपं उडत नाहीत.”

“वास?”

“नाही सर.”

“मग हरकत नाही,” मुख्याध्यापक म्हणाले, पण पाय त्यांनी टेबलाखाली ओढून घेतले.

प्रयोग अगदी साधा होता. पाचवीच्या वर्गात दोन कुंड्या. दोन्ही सारख्या, दोन्हींत घेवड्याचं एकेक इवलंसं रोप. एक कुंडी खिडकीत ठेवायची. दुसरी मागच्या टेबलावर ठेवून तिच्यावर पुठ्ठ्याचं मोठं खोकं पालथं घालायचं. पाणी दोघांना सारखंच. खिडकीतलं रोप हिरवंगार आणि दणकट होणार, खोक्यातलं पिवळट, लांबोडकं आणि मरतुकडं. रोपांना उजेड लागतो हे सिद्ध. हजारो शाळांतून हा प्रयोग झाला असेल आणि कुठेही फसल्याचं ऐकिवात नाही. बाईंनी खिडकीच्या चौकटीवर चिठ्ठी लावली, ‘उजेड’. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘अंधार, उघडू नये’. आणि कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवल्या.

‘उघडू नये’ हा नियम त्या शाळेत एकाच माणसाने पाळला. त्या म्हणजे स्वतः बाई.

वर्गाने दुसऱ्याच दिवशी रोपांना नावं ठेवली. खिडकीतल्याला ‘शेठ’ आणि खोक्यातल्याला ‘बिचारा’. आता एकदा एखाद्याला बिचारा म्हटलं, की पुढचं सगळं आलंच. पाणी घालायचं काम एका मुलीकडे होतं, तिला सगळे पाणीवाली म्हणत. ती खोक्याच्या कडेला तोंड नेऊन रोज बिचाऱ्याला सांगायची, थोडेच दिवस राहिलेत रे. शेठला मात्र कोणी काही सांगायला जात नसे. त्याचं काय, बसलाय खिडकीत.

बाईंचा तास दुपारचा. तेव्हा शेठ खिडकीत असायचा, बिचारा खोक्यात असायचा, सगळं जिथल्या तिथे. फक्त शेठची तब्येत काही धरेना. उलट तो दिवसेंदिवस उंच आणि फिकट होत चालला होता, वर एका बाजूला मान टाकलेली. बाईंनी त्याला थोडं खत दिलं. त्याने आणखी मान टाकली.

“बाई, शेठ आजारी आहे का?” पाणीवालीने विचारलं.

“नाही गं, वाढतोय तो,” बाई म्हणाल्या, आणि मनाशी म्हणाल्या, उजेडातल्याची ही गत, तर अंधारातल्याचं काय झालं असेल? बहुतेक उरलाच नसेल. प्रयोगाच्या दृष्टीने ते चांगलंच होतं. तरी त्यांना जरा वाईट वाटलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक त्यांना जिन्यात भेटले.

“बाई, खोकं एकदा उचलून बघितलंत ना?”

“नाही सर. नियम आहे.”

“तो मुलांसाठी. तुम्ही बघून ठेवा.” मुख्याध्यापक दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले. “म्हणजे, मला काही माहीत नाही. मी आपलं सहज म्हटलं.”

बाई वर्गात गेल्या. वर्ग रिकामा होता. त्यांनी मन घट्ट करून खोकं उचललं.

आत बिचारा होता. पण तो कुठल्या बाजूने बिचारा होता हे सांगणं कठीण होतं. हिरवागार, बुटका, भरदार, तळहाताएवढी पानं, आणि वर ऐटीत एक नवं पान उलगडत होतं. बाईंनी खोकं खाली ठेवलं. परत उचललं. तो तसाच. त्यांनी खिडकीतल्या शेठकडे पाहिलं. पिवळा, किडकिडीत, मान टाकलेला. पुस्तकात ‘अंधारातील रोप’ म्हणून चित्र छापतात, तेच जणू उठून खिडकीत येऊन बसलं होतं.

बाई पहिल्या बाकावर बसल्या. त्यांना रडू येत होतं आणि हसूही येत होतं. जगातल्या सगळ्या शाळांत रोपाला उजेड लागतो. फक्त त्यांच्या वर्गात अंधार लागत होता. उद्या सकाळी मॅडम मागे बसणार, खोकं उचललं जाणार, आणि पाचवीच्या वर्गाला सिद्ध करून दाखवलं जाणार की रोपं वाढवायची तर कपाटात वाढवा. मग ‘कशावरून’ विचारायचीसुद्धा गरज नाही.

मग त्यांनी जे केलं ते करायला फार वेळ लागला नाही. कुंड्या दोन्ही सारख्या होत्या. चिठ्ठ्या होत्या चौकटीवर आणि खोक्यावर. कुंड्यांवर काही लिहिलेलंच नव्हतं. बाईंनी दाराकडे पाहिलं, बिचाऱ्याला उचलून खिडकीत ठेवलं, शेठला टेबलावर ठेवलं, त्याच्यावर खोकं घातलं, आणि पर्स घेऊन निघाल्या. फाटकापाशी त्यांच्या लक्षात आलं की आपण पर्सबरोबर फळा पुसायचं डस्टरही घेऊन आलो आहोत.

घरी नवरा आधीच आला होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि दुकानातल्या गोष्टी घरी येऊन सांगायची त्याला दांडगी हौस होती. बाई ताटावर बसल्या, पण घास काही उतरेना.

“काय झालं? परत काही उडालं का?”

“नाही रे. उलट सगळं ठीक आहे. उद्या प्रयोग मस्त होईल.”

“मग चेहरा का असा?”

“असाच आहे माझा चेहरा.”

नवऱ्याने तो विषय सोडला. अशा वेळी विषय सोडावा एवढं तो लग्नानंतर शिकला होता. “आज काय झालं सांगू का,” तो म्हणाला. “एक गृहस्थ आले डोळे तपासायला. गाडी चालवायचा परवाना काढायचाय म्हणाले. समोरचा तक्ता असा घडाघडा वाचला, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत. मी म्हटलं, वा, नजर उत्तम आहे. उठले, निघाले, आणि सरळ आमच्या काचेच्या दारावर जाऊन आपटले. नाकाला टेंगूळ. तक्ता पाठ करून आले होते की.”

“मग?”

“मग काय, बर्फ लावला. म्हटलं, काका, अहो तक्ता वाचायचा नसतो, तक्त्यावरून डोळे कसे आहेत ते बघायचं असतं.”

बाई हातातला घास तसाच धरून बसल्या.

“अगं, खा की.”

“मी उद्या लवकर जाणार आहे,” बाई म्हणाल्या. आणि मग जेवल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत अजून मुलं आली नव्हती तेव्हा बाई जवळजवळ पळतच वर्गात शिरल्या. ठरलं होतं. कुंड्या परत जागच्या जागी ठेवायच्या, मॅडमना खरं ते दाखवायचं, आणि नोकरी गेली तर गेली. चष्म्याच्या दुकानात तक्ते पुसायला तरी नवरा ठेवून घेईल.

त्या खिडकीपाशी गेल्या आणि जागच्या जागी थांबल्या. खिडकीत शेठ होता. पिवळा, किडकिडीत, मान टाकलेला. त्यांनी जाऊन खोकं उचललं. आत बिचारा, हिरवागार, ऐटीत.

म्हणजे कुंड्या आधीच परत गेल्या होत्या.

काल आपण कुंड्या हलवल्याच नाहीत की काय? नुसतं मनात आणलं आणि घरी गेलो? पण मग ते डस्टर पर्समध्ये कसं होतं? त्या बाहेर आल्या. शिपाई मामा व्हरांडा झाडत होते, म्हणजे एकच फरशी पुन्हा पुन्हा झाडत होते.

“मामा, सकाळी वर्गात कोणी आलं होतं का?”

“नाही नाही,” मामा म्हणाले. “कोण येणार?”

“कुंड्यांना कोणी हात लावला?”

“कुठल्या कुंड्या?” मामांनी विचारलं. शाळेत कुंड्या दोनच होत्या. “मी तर बघितल्यासुद्धा नाहीत. बाई, मला नळ बघायचाय.” आणि ते झाडू घेऊन नळ बघायला गेले.

विचार करायला वेळच मिळाला नाही. घंटा झाली, मुलं आली, आणि थोड्याच वेळात मुख्याध्यापक मॅडमना घेऊन दारात उभे राहिले. मॅडम छोट्याशा, पांढऱ्या केसांच्या, दुधी रंगाचा स्वेटर घातलेल्या. कोणाकडेही न बघता त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि हात मांडीवर घेतले. मुख्याध्यापक शेजारच्या बाकावर बसले. बाक पाचवीच्या मुलांचा, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले.

बाईंनी प्रयोग समजावून सांगितला.

“तर आता हे खोकं उचलल्यावर आत कसलं रोप दिसेल?”

एरवी या प्रश्नाला वर्गातून निम्मे हात वर गेले असते. आज एकही गेला नाही. मुलं आपापल्या बुटांकडे बघत होती.

“तू सांग,” बाईंनी पाणीवालीला उठवलं.

“पिवळं,” ती पुटपुटली.

“कशावरून?” मागून आवाज आला.

“पुस्तकात आहे.”

बाईंनी डोळे मिटले आणि खोकं उचललं. डोळे उघडले तेव्हा बिचारा सकाळच्या उजेडात नुसता चमकत होता. शेजारी खिडकीत शेठ मान टाकून उभा. वर्गात कोणी हूं की चूं केलं नाही.

“गंमत आहे,” मॅडम म्हणाल्या. “आश्चर्य कोणालाच वाटलेलं दिसत नाही.”

“मला वाटलं,” बाई म्हणाल्या. “मॅडम, हे उलटं झालंय. जे पिवळं व्हायला हवं होतं ते हिरवं झालंय आणि हिरवं व्हायचं ते पिवळं. का झालं, मला माहीत नाही.”

“माहीत नाही?”

“नाही.”

मुख्याध्यापकांनी कपाळ गुडघ्यावर टेकवलं. बाईंना मात्र एकदम हलकं वाटलं. माहीत नाही, हे दोन शब्द त्या इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बोलल्या होत्या, आणि छत काही अंगावर आलं नव्हतं.

तेवढ्यात पाणीवाली हुंदके द्यायला लागली. “बाई, मी त्याला मधल्या सुट्टीत रोज बाहेर काढायचे. थोडाच वेळ. तो एकटा होता ना आत. सुट्टी संपली की परत ठेवायचे, आईशप्पथ.”

“रोज?”

“रोज. पण फक्त मीच.”

“फक्त तूच नाही काही,” मागून एक मुलगा उठला. तो वर्गाचा सुतार. कोणाचंही काही मोडलं की त्याच्याकडे जायचं. “बाई, मी खोक्याला खिडकी पाडलीय.”

“खिडकी?”

“मागच्या बाजूला. भिंतीकडे होती म्हणून तुम्हाला दिसली नाही. सकाळी आल्यावर मी खोकं फिरवायचो, दुपारी तुमच्या तासाच्या आधी परत सरळ करायचो.”

मॅडम उठल्या, टेबलापाशी आल्या आणि त्यांनी खोकं फिरवलं. मागे खरंच एक सुबक खिडकी होती. कात्रीने सरळ रेषेत कापलेली, चिकटपट्टीच्या बिजागऱ्या, उघडता-मिटता येणारं दार. मॅडमनी ते दार एकदा उघडून मिटून पाहिलं. काम चोख होतं.

मग काय, पडदाच उठला. शिपाई मामा दारात उभे होते, त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, “झाडताना मी त्याला वर्गाच्या खिडकीत ठेवायचो, त्या दुसऱ्याला तेवढ्यापुरता खाली उतरवून. पहाटेपासून घंटेपर्यंत. कोवळं ऊन असतं. आमच्या घरी कोंबड्यासुद्धा उघड्यावर असतात, मॅडम. कोंडून ठेवायचं म्हणजे...”

“तुम्ही?” मॅडमनी वळून मुख्याध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी अजून काही म्हटलंच नव्हतं, पण कान लाल झाले होते.

“मी फक्त फेरी मारताना खोकं जरा वर करायचो. हवा खेळती राहावी म्हणून.”

“रोज?”

“फेरी रोजच असते,” मुख्याध्यापक म्हणाले.

“बरं. हा का हिरवा ते कळलं,” मॅडम म्हणाल्या. “मग तो का पिवळा?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी पाणीवालीने नाक पुसलं. “गणिताचे सर त्याला खाली ठेवतात ना.”

गणिताच्या सरांना शेजारच्या वर्गातून बोलावून आणलं. ते हातात खडू घेऊनच आले. त्यांना विचारल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं. सकाळचे तास त्यांचे. त्या खिडकीतून ऊन थेट फळ्यावर येतं, लिहिलेलं काही दिसत नाही. पडदा ओढायला ती कुंडी मध्ये यायची. म्हणून ते ती उचलून कपाटामागे ठेवायचे आणि पडदा ओढायचे.

“आणि परत?”

“परत काय?”

“परत खिडकीत कोण ठेवायचं?”

सरांना हा प्रश्न नवीन होता. त्यांना वाटत होतं, ती कुंडी रोज सकाळी आपोआप खिडकीत येते.

“मी ठेवायचे,” पाणीवाली म्हणाली. “दुपारी, पाणी घालताना. पण तेव्हा ऊन गेलेलं असतं.”

मग सुतार हळूच म्हणाला, “बाई, म्हणजे उजेड बिचाऱ्यालाच मिळाला. शेठच अंधारात होता.”

“कशावरून?” मॅडमनी विचारलं.

“अहो, आत्ता सगळ्यांनी सांगितलं की,” सुतार म्हणाला. “मामांनी सकाळी, मग माझी खिडकी, मग मधली सुट्टी, मग मुख्याध्यापक सरांची फेरी. आणि तो तिकडे कपाटामागे. ज्याला उजेड मिळाला तो हिरवा आणि ज्याला नाही तो पिवळा. पुस्तकात आहे तसंच झालंय. फक्त चिठ्ठ्या चुकल्यात.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग रोपांकडे पाहिलं. निसर्गाच्या नियमाने या वेळी कच खाल्ली नव्हती. त्यांच्या सगळ्या आयुष्यातला हा पहिलाच प्रयोग होता जो तंतोतंत जमला होता, आणि तो जमू नये म्हणून सगळ्या शाळेने हातभार लावला होता. त्यांचा जीव भांड्यात पडला. पडला म्हणेपर्यंत मॅडम म्हणाल्या, “आणि तुम्ही, बाई? तुम्ही कधी उघडलं नाहीत?”

झालं. आता गप्प बसलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. पण समोर पाचवीचा सगळा वर्ग खरं बोलून मोकळा होऊन बसला होता.

“काल संध्याकाळी उघडलं,” बाई म्हणाल्या. “हिरवं रोप बघितलं आणि घाबरले. मी कुंड्यांची अदलाबदल केली, मॅडम. हिरवी खिडकीत ठेवली, पिवळी खोक्यात. तुम्हाला खोटं दाखवायला. आज सकाळी परत बदलायला म्हणून लवकर आले, तर...”

“तर काय?”

“तर त्या आधीच परत जागेवर होत्या. मी हात लावला नाही. कोणी लावला, खरंच कळत नाही. तुमचा विश्वास बसणार नाही, माहितीये.”

सगळा वर्ग ‘कशावरून’ची वाट बघत होता. मुख्याध्यापक गुडघ्यांमधून बघत होते. पण मॅडम खिडकीजवळ उभ्या होत्या आणि शेठच्या एका पानाकडे बघत होत्या.

“मामा, तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“मी नाही,” मामा म्हणाले. “मला सांगू नको म्हणून सांगितलंय.” आणि बोलून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“मामांना बोलू नका, मीच त्यांना बजावलं होतं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी सगळ्यांच्या आधी येते. वर्ग रिकामा असताना एकदा बघून जाते, ही माझी पद्धत आहे. म्हणजे नंतर कोणी काही सजवून दाखवलं तर कळतं. मग बाहेर फेरी मारून वेळेवर येते. आज आले, खोकं उचललं, तर आत हा.” त्यांनी शेठकडे बोट केलं. “मान टाकलेला, पिवळा पडलेला. खोक्यात होता म्हटल्यावर मला वाटलं, यालाच अंधारात ठेवलंय. मला माहितीये प्रयोग आहे. मी हा प्रयोग शेकड्याने बघितलाय. तरी म्हटलं, तपासणी सुरू होईपर्यंत तरी घेऊ दे जरा ऊन. तो दुसरा चांगला दणकट होता, त्याला घटकाभर अंधार सोसला असता. मग बाहेर पावलं वाजली, मी घाईने निघाले, आणि परत बदलायचं राहून गेलं.”

मग पाणीवालीने हात वर केला.

“कशावरून?” तिने विचारलं.

मॅडमनी उजवा हात पुढे केला आणि दुधी स्वेटरची बाही उलटी केली. आतल्या बाजूला कुंडीतल्या ओल्या मातीचा चांगला रुपयाएवढा डाग होता. तो लपवायला त्या सकाळपासून हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

सगळ्यात आधी मामा हसले. मग वर्ग हसला. मग मुख्याध्यापक हसले आणि हसता हसता बाकात अडकले. त्यांना गणिताच्या सरांनी ओढून बाहेर काढलं. बाई हसल्या नाहीत. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या, आणि त्यांना खूप बरं वाटत होतं.

“प्रयोग चांगला झाला,” मॅडम म्हणाल्या. “कुंडीवर चिठ्ठी लावायची असते बाई, खोक्यावर नाही. बाकी सगळं ठीक. कालचं तुम्ही स्वतः सांगितलंत, आणि आजचं मला सांगावं लागलं, तेव्हा त्याचा हिशेब आपण इथेच मिटवू.” मग त्या मुख्याध्यापकांकडे वळल्या. “यांना कायम करायला माझी काही हरकत नाही. तुमची आहे?”

“छे छे,” मुख्याध्यापक पॅन्ट झटकत म्हणाले. “माझी तर कधीच नव्हती.”

शेठला खिडकीतच राहू द्यायचं ठरलं. गणिताच्या सरांनी फळा दुसऱ्या भिंतीवर लावून घ्यायचं कबूल केलं. बिचाऱ्याला आता बिचारा म्हणायचं की नाही यावर वर्गात वाद सुरू झाला. मॅडम निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“प्रयोग परत करा मात्र. नव्या बिया, नवं खोकं. आणि या वेळी लाकडी पेटी घ्या, कुलूप लावता येईल अशी.”

“घेते,” बाई म्हणाल्या. “पण किल्ली कोणाकडे ठेवू?”

हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता. पाणीवालीने सुताराकडे पाहिलं. सुताराने मामांकडे पाहिलं. मामांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, आणि त्यांनी छताकडे.

“बाई, तुमच्याकडेच ठेवा,” शेवटी मुख्याध्यापक म्हणाले. “तुम्ही तर एकदाच उघडलंत.”

“माझ्याकडे नको, सर,” बाई म्हणाल्या. “आत एक बिचाराच असणार, आता मलाही राहवणार नाही.”

मॅडमनी किल्ली मागायला म्हणून हात पुढे केला. मग स्वतःच्या बाहीकडे पाहिलं, आणि हात मागे घेऊन त्या जिना उतरून गेल्या.